मामाजींचे निळू फुले

चोरखमाऱ्यात टॉकीज कधी नव्हती. गावाजवळ नागझिऱ्याच्या जंगलाचं फाटक आहे, मोठा तलाव आहे, धानाच्या बांध्या आहेत. सिनेमा पाहायचा तर तिरोड्याला जाऊन रेल्वे धरायची आणि गोंदिया गाठायचं. नाहीतर वाट पाहायची. मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, तंबूतला सिनेमा येईल, कुणाच्या लग्नात भाड्याचा व्हीसीआर येईल, पुढे टीव्ही आले तेव्हा शनिवार-रविवारी दूरदर्शन दाखवील ते पाहायचं. इतक्या वाटा पाहून सिनेमे पाहिलेल्या गावात जुन्या सिनेमाचे जेवढे हट्टी चाहते भेटतात तेवढे मला पुण्यात भेटले नाहीत. पुण्यात मी जुन्या चित्रपटांच्या रिळांच्या जतनाचं काम करते. माझ्या भोवतीच्या माणसांना प्रत्येक सिनेमाचं साल, दिग्दर्शक, छायालेखक तोंडपाठ असतो. चोरखमाऱ्याच्या माणसांना तो सिनेमा कोणासोबत पाहिला, तेव्हा घरात कोण आजारी होतं आणि परतीच्या वाटेवर पाऊस किती होता, हे पाठ असतं.

माझे मोठे मामाजी या दुसऱ्या जातीचे. सत्तरी गाठलेली, धानाची शेती, आणि उमेदीची सगळी वर्षं गावच्या नाट्यमंडळात खलनायकाची कामं. झाडीपट्टीत भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलंच. दहाच्या पुढे पडदा उघडतो, उजाडता उजाडता खाली येतो. अशाच एका नाटकाच्या दुसऱ्या दिवशी छपरीत चहा पिताना आमचा वाद झाला. वाद जुनाच आहे, पण त्या सकाळी तो मुळापर्यंत गेला. म्हणून इथे, त्यांच्या बोलीत जमेल तसा, मांडते.

मामाजी : निळूभाऊ माह्या घरचा मानूस हाये.

मी : तुम्ही त्यांना कधी भेटलात, मामाजी?

मामाजी : भेटाची गरज काय? तो मले रोज भेटते. आवाज खाली ठेवून धमकी कशी द्याची, धोतराचा सोगा कसा धराचा, नजर पयले बाईवर आन् मग तिच्या नवऱ्यावर कशी फिरवाची, हे मले कोनं शिकवलं? 'सामना' पाहून आलो गोंदियाहून आन् त्याच साली मंडईत पाटील केला. दुसऱ्या दिवशी चक्कीवर दळन घेऊन गेलो तं बायाईनं तोंड फिरवलं. एक म्हातारी तं सरळ बोलली, पोरीचा संसार मोडला तुनं. त्या दिवशी मले समजलं का आपन नट झालो.

मी : माझा आक्षेप नेमका त्या चक्कीवरच्या बायांना आहे. निळू फुल्यांच्या वाट्यालाही हेच आलं. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात वाढलेला हा माणूस. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला. श्रीराम लागूंबरोबर 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करत गावोगाव फिरला, कशासाठी? सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. चळवळीत पूर्णवेळ राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणून. आणि महाराष्ट्रातल्या बाया त्याला बघून पदर सावरून घ्यायच्या. तुम्ही याला प्रेम म्हणता, मी याला अन्याय म्हणते. आपण माणूस पाहिलाच नाही. आपण आपली भीती पाहिली आणि तिला त्याचा चेहरा लावला.

मामाजी : मंग? त्याचं काम तेच होतं ना? भीतीले चेहरा द्याचं. गावात खरा पाटील होता, त्याले कोनी काही बोलू शकत नव्हतं. पडद्यावरच्या पाटलाले शिवी देता ये. निळूभाऊनं ती शिवी आपल्या अंगावर घेतली. तू म्हनतस अन्याय झाला. मी म्हनतो त्यानं आमचं काम केलं.

हे उत्तर मला तयार नसताना आलं. मी बाजू बदलली आणि ललिता पवारांचं नाव काढलं, कारण तिथे माझी बाजू भक्कम आहे असं मला वाटत होतं.

मी : ठीक. मग ललिता पवार. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांनी त्यांच्या थोबाडीत मारायची होती. तेव्हा ते नवखे होते, थप्पड खरीच आणि जोरात बसली. चेहऱ्याला अर्धांगवायू झाला, डाव्या डोळ्याची शीर फुटली. काही वर्षं उपचार चालले, पण डोळा कायमचा बारीक राहिला. तोवर नायिकेची कामं करणारी, गाणारी, देखणी नटी होती ती. त्या डोळ्यानं नायिकेचं दार बंद झालं आणि खाष्ट सासूचं उघडलं. पुढची चाळीस-पन्नास वर्षं आपण सगळ्यांनी त्या डोळ्याकडे बघून म्हटलं, बघा किती दुष्ट बाई आहे! मामाजी, ती जखम होती. आपण एका बाईच्या जखमेला दुष्टपणा म्हणालो.

मामाजींनी कप खाली ठेवला. आतून मामीही दारात येऊन उभ्या राहिल्या. ही गोष्ट त्या घरात कुणाला माहीत नव्हती.

मामाजी : हे मले ठाऊक नव्हतं. वाईट झालं बाईचं. पन तू आता माह्या मायची गोष्ट ऐक. 'रामायन' लागे टीव्हीवर, तवा मंथरा आली का माय टीव्हीले बोटं मोडे. सिनेमात ललिताबाई दिसली का पुरी छपरी दणाणून सोडे. तोंडाले येईल ते बोले. आमी हासो. लय वर्सानं मले उमगलं का माय ललिताबाईले बोलतच नव्हती. तिची सासू, म्हंजे माही आजी, भल्ली कडक. मायनं तिच्यापुढं जन्मात वर तोंड करून पाहिलं नाई. सासू मेली, तिचं बोलाचं राहून गेलं. ते सगळं ललिताबाईच्या नावानं निघे. आता सांग, त्या बाईचा डोळा कसा बारीक झाला हे मायले कळलं असतं तं ती गप्प बसली असती. बरं झालं असतं का?

मी : खरं झालं असतं.

मामाजी : खरं झालं असतं. बरं झालं असतं का, ते विचारून रायलो मी.

यावर मी अजूनही विचार करते आहे. तरी माझं मत बदललेलं नाही. माझ्या आजीचा, म्हणजे मामाजींच्या आईचा, राग निघून गेला याची किंमत ललिता पवारांनी भरली, आणि ती आजीला कधी कळली नाही. याच ललिताबाईंनी १९५९च्या 'अनाडी'त मिसेस डिसाचं काम केलं. भाडेकरूवर ओरडणारी आणि त्याच्यासाठी झुरणारी घरमालकीण. त्याच बारीक डोळ्यात माया कशी दिसते ते पाहायला त्या सिनेमापर्यंत जावं लागतं. जो प्रेक्षक नटीला 'आपली खाष्ट सासू' करून ठेवतो तो तिथपर्यंत जात नाही. आपलेपणानं माणूस जवळ येतो, आणि जवळ आलेल्याला आपण हलू देत नाही. मी हे मामाजींना त्यांच्याच दैवताच्या उदाहरणानं सांगितलं.

मी : तुम्ही 'सिंहासन' पाहिलात?

मामाजी : पाहिला. त्यात निळूभाऊ नाई.

मी : आहेत! दिगू टिपणीस. पत्रकार. सबंध सिनेमा त्यांच्याभोवती फिरतो.

मामाजी : हाये तो, पन तो निळूभाऊ नाई. नुसता फिरते, ऐकते, शेवटी डोकं फिरते त्याचं. पाटील कुठं हाये त्यात?

मी : हेच ते! राज्याचं राजकारण जवळून बघता बघता ज्याचा तोल जातो, असा माणूस त्यांनी उभा केला. फार मोठं काम आहे. सत्तेचा माज दाखवणारा नट तिथे सत्तेचा साक्षीदार होतो. आणि तुम्ही, त्यांचे घरचे, म्हणता की तो निळूभाऊच नाही. त्यांना पाटील सोडून दुसरं काही व्हायची तुमची परवानगी नाही. कादंबरी कुणाची तेही बघा. अरुण साधूंची, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' अशा दोन्हींवरून. तुमच्या विदर्भातला माणूस, परतवाड्याचा.

मामाजी : परतवाड्याचा? मंग पुन्हा पाहीन.

मी : विदर्भाचा म्हणून पाहणार?

मामाजी : कोन्या तरी कारनानं पाहाचाच ना सिनेमा. तुह्यावाल्या कारनानं नाई पाहत, माह्यावाल्या कारनानं पाहतो. सिनेमाले काय फरक पडते?

इथे थोडं थांबून झाडीपट्टीबद्दल सांगायला हवं, कारण मामाजींचं म्हणणं या रंगभूमीशिवाय नीट कळायचं नाही. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या चार जिल्ह्यांच्या पट्ट्यात दंडार या लोकनाट्याच्या परंपरेतून आलेलं हे नाटक आजही तिकीट लावून चालतं. वडसा हे त्याचं मोठं केंद्र. तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तारखा तिथे ठरतात. होळीपर्यंत हंगाम चालतो. इथल्या नटानं सिनेमा कधी नुसता पाहिला नाही, तो अंगावर चढवून पाहिला. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांवर प्रयोग केलेला हा विनोदी नट विदर्भाचा दादा कोंडके म्हणून ओळखला जातो. १९७१ मध्ये 'सोंगाड्या' आला तेव्हा दादा कोंडक्यांनी स्वतः तमाशातला सोंगाड्या आणि वगनाट्यातला हजरजबाबीपणा उचलून पडद्यावर नेला होता. तो पडद्यावरून खाली उतरला आणि झाडीपट्टीच्या मंडपात पुन्हा नाटक झाला. मामाजी याला सिनेमाचं आयुष्य म्हणतात. रीळ कुठल्या कपाटात आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही.

मला आहे. म्हणून मी त्यांना 'सांगत्ये ऐका'वर आणलं. तो त्यांनी मुलगा असताना मंडईतल्या तंबूत पाहिला होता आणि त्यातल्या हंसा वाडकरांची चाल ते आजही उठून करून दाखवतात.

मी : तो सिनेमा कोणी लिहिला?

मामाजी : अनंत मान्याचा तो.

मी : मान्यांनी दिग्दर्शन केलं. लिहिला कोणी? पटकथा?

मामाजी : आता त्याचं काय करू मी? मले हंसाबाई दिसली, जयश्रीबाई दिसली. कागद कोनं लिवला ते पडद्यावर दिसत नाई.

मी : दिसतं. सुरुवातीला नावं येतात तेव्हा तुम्ही शेंगा सोलत असता. व्यंकटेश माडगूळकरांनी लिहिला.

मामाजी : कोन माडगूळकर? आपले? 'नागझिरा'वाले?

मी : तेच.

मामाजी गप्प झाले. माडगूळकर या जंगलात येऊन राहिले, पायी फिरले आणि त्यांनी 'नागझिरा' नावाचं पुस्तक लिहिलं, हे इथल्या पुष्कळांना माहीत आहे. जंगलात पाहुणे घेऊन जाणारी पोरंही त्यांचं नाव सांगतात. पण ज्या माणसानं आपल्या झाडांत बसून रानगव्यांकडे पाहिलं, त्यानंच १९५९ मध्ये तो तमाशाचा सिनेमा लिहिला, जो पुण्याच्या विजयानंद टॉकीजमध्ये सव्वाशेहून जास्त आठवडे चालला, हे दोन धागे मामाजींनी कधी एकत्र बांधले नव्हते. ते उठले आणि छपरीच्या टोकाशी जाऊन जंगलाच्या बाजूला पाहत राहिले. मग वळून म्हणाले :

मामाजी : म्हंजे तो सिनेमा आपलाच निघाला.

मी : बघा! नावं वाचली म्हणून निघाला. साल, लेखक, पाटी, या सगळ्याला तुम्ही कोरडं म्हणता. त्या कोरड्या माहितीनंच तुम्हाला एक नातं दिलं.

मामाजी : आन् नातं नसतं तं तू ती पाटी वाचली असतीस का वो बाई? तू चोरखमाऱ्याची भाची. म्हनून तुह्या ध्यानात माडगूळकर रायला. पुन्यातल्या दुसऱ्या कोनी वाचलं तं त्याले नागझिऱ्याचं काय?

मला हे नाकारता येत नाही. पण याच सिनेमाची दुसरी बाजू मामाजींना सांगणं भाग होतं. हंसा वाडकरांनी आपलं आयुष्य अरुण साधूंना सांगितलं, आणि १९७० मध्ये ते पुस्तक झालं. त्याचं नावही 'सांगत्ये ऐका'च. ज्या सिनेमानं टाळ्या दिल्या त्याचंच नाव त्या बाईंनी आपल्या दुःखाला दिलं. लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर कमाईला लावलेली मुलगी, बिघडलेला संसार, दारू, फसवणूक; काही न लपवता सांगितलेलं मराठीत असं आत्मकथन तोवर विरळा होतं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. १९७७ मध्ये श्याम बेनेगलांनी त्यावरून 'भूमिका' केला, आणि स्मिता पाटील यांनी हंसाबाईंवर बेतलेली ती उषा अशी केली की पडद्यावरचा मेकअप आणि त्याखालचा थकवा एकाच वेळी दिसतो.

मी : तुम्ही जिची चाल करून दाखवता, ती बाई त्या दिवसांत कशी जगत होती हे कळल्यावर चाल तशीच राहील का?

मामाजी : चाल तशीच राहील. करताना मले जड जाईल.

मी : मला तेच हवं आहे. जड जायला हवं.

मामाजी : आन् मले हे पाहिजे का ती चाल कोनी तरी करत राहावी. तुह्या पुस्तकात बाईचं दुःख हाये. तिचं नाचनं कुठं हाये? ते तिनं जीव लावून केलं होतं. दुःख तेवढं खरं आन् नाच खोटा, असं काऊन?

मामींनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाल्या, बाईनं आपल्या पुस्तकाला सिनेमाचं नाव दिलं ना, म्हणजे तिला दोन्ही आपलंच वाटत असेल. एवढं बोलून त्या आत गेल्या. मला वाटतं त्या सकाळचं सगळ्यात शहाणं वाक्य तेच होतं, आणि आम्ही दोघांनी ते तसंच सोडून पुढे भांडण चालू ठेवलं.

मामाजींनी मग त्यांचा हुकमाचा पत्ता काढला. भिंतीवरच्या तुकोबांच्या जुन्या तसबिरीकडे बोट केलं. तसबीर सिनेमातली आहे, विष्णुपंत पागनिसांची.

मामाजी : हा कोन?

मी : पागनीस. 'संत तुकाराम', १९३६, प्रभात. दामले-फत्तेलालांचा. व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या पहिल्या तीन चित्रपटांत निवडला गेला.

मामाजी : माहा बाप त्याच्यापुढं उदबत्ती लावे. त्याले व्हेनिस ठाऊक नव्हतं आन् पागनीसबी ठाऊक नव्हता. त्याच्यासाठी तो तुकाराम. आता बोल, तुह्या सगळ्या नोंदीईपेक्षा त्या सिनेमाचं हे मोठं झालं का नाई?

मी : मोठं झालं. पण त्यात पागनीस हरवले. संगीत नाटकात स्त्रीभूमिका करून झालेला हा नट. त्या कामातून आलेला मऊपणा, खांदे किंचित आत घेऊन उभं राहणं, आवाज न चढवता बोलणं, हे सगळं त्यानं तुकोबात आणलं. देव म्हणून उदबत्ती लावली की हे दिसत नाही. आणि समोर आवलीचं काम करणारी गौरी! प्रभातमध्ये अगदी किरकोळ कामांपासून सुरुवात केलेली बाई. म्हशीला, पोरांना, नवऱ्याला एकाच सुरात बोलणारी आवली तिनं अशी केली की शिकलेल्या नट्यांना जमू नये. तिच्यापुढे कोणी उदबत्ती लावली? आणखी सांगते. त्या सिनेमासाठी शांताराम आठवल्यांनी एक अभंग लिहिला होता. लोक तो तुकोबांचाच समजायला लागले.

मामाजी : याच्याहून मोठं बक्षीस कवीले कोनतं पाहिजे?

मी : नाव. नाव पाहिजे, मामाजी.

मामाजी : नाव मोठं का गानं मोठं?

मी : तुमच्या दृष्टीनं गाणं. माझ्या दृष्टीनं, नाव विसरणारे लोक पुढे वस्तूही विसरतात. भारताचा पहिला बोलपट, 'आलम आरा', १९३१. आज त्याची एकही प्रत शिल्लक नाही. लोकांनी त्याच्यासाठी तिकीटखिडकीवर झुंबड उडवली होती, पोलीस बोलवावे लागले होते. एवढं प्रेम होतं. कुठे गेला? जुनी नायट्रेटची रिळं लोकांनी त्यातल्या चांदीसाठी विकली, वितळवली. ती पेटही घ्यायची. २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट रिळांना आग लागली आणि मूळ प्रतींचा मोठा साठा गेला. नंतरच्या ॲसिटेटच्या रिळांना कुजताना आंबट वास सुटतो. डबा उघडला की नाकाला कळतं, हा सिनेमा आता थोड्या दिवसांचा सोबती. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये उभं राहिलं, पहिला बोलपट येऊन तीस वर्षं उलटल्यावर. पी. के. नायरांनी गावोगाव फिरून, फाळक्यांच्या मुलांपर्यंत जाऊन, मिळतील ते तुकडे गोळा केले. तेव्हा आज फाळके दिसतात. नायर नसते तर तुमच्या प्रेमाला दाखवायला काही उरलं नसतं.

मामाजी : बियानं कोठीत ठेवून धान होत नाई.

मी : कोठीत ठेवलं नाही तर पेराल काय?

दोघंही हसलो, पण आमच्यातलं अंतर खरं होतं आणि अजून आहे. मामाजींच्या मते सिनेमा माणसांत राहतो आणि माणसं बदलली की तोही बदलायलाच हवा. माझ्या मते सिनेमा शेकडो हातांचं काम आहे; ज्यानं दिवे लावले, ज्यानं फिल्म कापली, त्याचा हात त्या रिळातच आहे, कुणाच्या आठवणीत नाही. आठवण सोयीचं तेवढं ठेवते. मामाजींना 'सामना'तला पाटील आठवतो, पण मास्तर आठवत नाही. म्हणजे श्रीराम लागूंनी केलेला, दारूनं उद्ध्वस्त झालेला, तरीही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहणारा तो मास्तर. तेंडुलकरांनी तो सिनेमा त्या दोघांच्या समोरासमोर येण्यावर लिहिला. अर्धा सिनेमा आठवला तर तो दुसराच सिनेमा होतो. मी हे बोलले तेव्हा मामाजींनी विचारलं, मास्तराचं काम आमच्या गावात करणार कोण? पाटील सापडतो. खरा मास्तर सापडायला वेळ लागतो.

एकच सिनेमा आम्हाला दोघांनाही पुरला. श्याम बेनेगलांचा 'मंथन', १९७६. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाखांत तो उभा राहिला. आपण पैसे दिलेला सिनेमा पाहायला ते शेतकरी ट्रक भरून आले. यात स्मिता पाटील होती, आणि मामाजींनी तो टीव्हीवर पाहिला तेव्हा ती त्यांना इथल्याच एखाद्या दूधवालीसारखी वाटली होती. पुढे त्याच्या प्रती झिजल्या, रंग उतरला. मग फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याची चौकट न् चौकट साफ केली, रंग परत आणले आणि २०२४ मध्ये तो कानच्या महोत्सवात पुन्हा दाखवला गेला.

मामाजी : दोन रुपये देनाऱ्याईले बोलावलं होतं का तिथं?

मी : सगळ्या पाच लाखांना कसं बोलावणार?

मामाजी : एकाले तरी बोलावाचं होतं. त्याचा सिनेमा होता.

मी : त्याचा होता, म्हणूनच जपायला हवा होता.

मामाजी : ठीक हाये, जपला. आता माह्या एका गोष्टीचं उत्तर दे. तू पडद्यावरचं सगळं जपून रायली. आमचं काय? हंसाबाईची चाल आमी घेतली, निळूभाऊचा आवाज घेतला, दादाची लगबग घेतली. चार जिल्ह्यात एवढ्या वर्साच्या रात्री झाल्या. त्याचं रीळ कुठं हाये?

मी : नाही.

मामाजी : नाटक लिवनारे मेले, त्याईच्या वह्या वाळवीनं खाल्ल्या. हँडबिलं पावसात गेली. माह्यासोबत जी बाई हिरोईन कराची, तिचा एक फोटो नाई माह्यापाशी. तू म्हनतस नाव विसरनारे लोक वस्तू विसरते. मंग आमची नावं कोन लिवनार? पुन्याहून कोनी येनार हाये का?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, काम होतं. मी म्हटलं, पुढच्या मंडईला मी कॅमेरा घेऊन येते. सबंध नाटक चित्रित करू, सुरुवातीच्या हार्मोनियमपासून शेवटच्या पडद्यापर्यंत. उरलेल्या वह्या गोळा करू, पानं स्कॅन करू. मामाजींना ते पटलं, पण लगेच अट घातली. कॅमेरा रंगमंचावर लावायचा नाही, प्रेक्षकांवर लावायचा. रात्री तीन वाजता मांडीवर झोपलेलं पोर सावरत बाई पाटलाला शिवी देते, नाटक तिथं आहे, असं त्यांचं म्हणणं. मी ठाम नाही म्हटलं. रंगमंच दिसला नाही तर ती शिवी कशाला दिली हे पन्नास वर्षांनी कुणाला कळणार?

मामाजी : मंग दोन कॅमेरे आन.

मी : दोन आणते.

मामाजी : आन् पाटी लिवशील तवा माहं नाव खाली लिव. नाटक लिवनाऱ्याचं पयले.